धक्क्यावर लावलेली बोली

जलजक्का मेंडनने लिलावात एकदा हात वर केला की तो माल घेऊनच खाली यायचा. मंगळूरजवळच्या पडुकोडी बंदरातल्या मासळीबाजारात तिची जागा पहिली, फाटकाजवळची, बदामाच्या झाडाच्या सावलीतली. आधी तिथे तिची आई बसायची, त्याआधी आजी. मोगवीर कोळ्यांच्या घरात कुळ आईकडून चालतं, घर आईकडून येतं, तशी बाजारातली जागाही आईकडूनच. तोंडही आईकडूनच येतं, असं तिचा नवरा भास्कर म्हणायचा. अर्थात बोटीवर, किनारा दिसेनासा झाल्यावर.

धक्क्यावरचा कायदा साधा होता. लावलेली बोली मागे घ्यायची नाही. कुणी घेतलीच, तर तिने त्या दिवशी आपली जागा सोडायची आणि रांगेच्या शेवटी, बर्फाचं पाणी नि खवल्यांचा चिखल जिथून गटारात जातो, तिथे जाऊन बसायचं. दंड नाही, पंचायत नाही, फक्त ती जागा. जलजक्काच्या आईवर ती पाळी कधी आली नव्हती, आजीवरही नाही. जलजक्का तर त्या टोकाला साधं थुंकायलासुद्धा गेली नव्हती.

त्या सकाळी बांगड्याचा मोठा ढीग पडला होता. लिलाव पुकारणारा ऐतप्पा घसा साफ करत होता, जलजक्काचा हात वर होता, आणि नेमक्या त्याच वेळी सुमतक्काला तोंड उघडायची बुद्धी झाली. सुमतक्का कर्केरा म्हणजे रांगेतली दुसरी. तिच्या मुलाला नुकताच इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता, तेव्हापासून ती बांगडासुद्धा दोन बोटांनी उचलायची.

"जलजक्का, मेडिकलच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणे," ती म्हणाली. "तुझ्या निश्मीचं काय झालं गं? की जाळं रिकामंच वर आलं?"

सगळ्या बायांनी माना वळवल्या. जलजक्काचा हात अजून वरच होता.

"माझी पोर डॉक्टर होणार!" ती कडाडली. "एक वर्ष जास्त लागेल. मंगळूरला शिकवणीला घालीन, परत परीक्षेला बसवीन, पण डॉक्टरच होणार. ऐकलंस? का कानात खवलं अडकलंय?"

ऐतप्पाला असली संधी कुठली सोडवते! "डॉक्टर एक वार! डॉक्टर दोन वार! डॉक्टर तीन वार!" त्याने हातावर हात मारला. "गेली! जलजक्काला गेली!"

धक्का हसून हसून लोटपोट झाला. जलजक्काही हसली. पण टोपली डोक्यावर घेऊन घरच्या वाटेला लागल्यावर तिला आठवलं की बांगड्यांचा ढीग सुमतक्का घेऊन गेली, आणि आपण काय घेऊन चाललोय ते अजून घरी कुणाला माहीत नाही.

माहीत झालं होतं. ती अंगणात शिरायच्या आधीच धाकटी लेक निश्मिता दारात उभी होती, हातात फोन.

"अम्मा, धक्क्यावर काय बोलून आलीस?"

"काय बोलले?"

"सुमतक्काच्या मुलाने मेसेज पाठवलाय. डॉक्टरीणबाई, माझ्या सर्दीला औषध सांगा."

"मग सांग की. सुंठ उगाळून घे म्हणावं, आणि आईला चार दिवस तोंड मिटायचं औषध दे."

"हसू नकोस. मला विचारलंस तरी का?"

"पापलेटाला विचारून लिलाव करतात होय गं?"

"मी पापलेट आहे?"

पडवीत निश्मीचा मामा, शीनण्णा, जाळं शिवत बसला होता. जन्मभर बोटीचं इंजिन सांभाळून आता किनाऱ्याला लागलेला माणूस. मान वर न करता तो म्हणाला, "पापलेट नव्हे. मुडदुशी. अंगाने बारीक, काटा कडक."

"तू गप रे!" जलजक्का म्हणाली आणि लेकीकडे वळली. "बरं, डॉक्टर नाही तर काय व्हायचंय तुला? सांग. आत्ता सांग. आत्ता जाऊन फाटकावर रंगवून घेते."

निश्मी हातातला फोन उगाचच पुसायला लागली. म्हणाली, "मला माहीत नाही."

"घ्या! माहीत नाही आणि वर तोरा."

"कळणार कसं, अम्मा? मी बघितलंय काय? शाळा बघितली, कॉलेज बघितलं, तुझी टोपली बघितली. डॉक्टर दिवसभर काय करतो, तुला तरी माहीत आहे?"

जलजक्का न्हाणीत गेली, हातापायांना साबण चोळला, पण पोरीचा प्रश्न काही निघेना. आजवर तिने एकही मासा गलफड उचलून आतले कल्ले बघितल्याशिवाय घेतला नव्हता. डोळे फसवतात. बर्फात ठेवला की चार दिवसांच्या माशाचाही डोळा चमकतो. गलफड फसवत नाही. आत लाल तर लाल, काळं तर काळं. आणि पोटच्या पोरीचं सगळं आयुष्य तिने लांबून हात वर करून घेऊन टाकलं होतं, वरची चकाकी बघून. हे सगळं तिला समजलं, पण समजलं असं कबूल करायचा तिचा स्वभाव नव्हता. पंच्याला हात पुसत ती बाहेर आली.

"उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर चल. चप्पल जाड घाल."

"कुठे?"

"गिऱ्हाइकांकडे. एकेकाचं काम दिवसभर बसून बघायचं. चकाकी बघायची नाही, पोरी. गलफड उचलून बघायचं."

बाजार उठला की दुपारी जलजक्का टोपली घेऊन गावातल्या ठरलेल्या घरी जायची. डोळ्यांचे डॉक्टर पै, वकील लोबोबाई, बँकेतले शेणॉय. पावसाळ्यात बोटी बंद असल्या तरी हिच्यामुळे ज्यांच्या ताटात मासा पडतो, त्यांची हिला नाही म्हणायची छाती नव्हती. "माझी पोर कोपऱ्यात बसेल, तिला काय करता ते बघू द्या," असं तिने सांगितलं, विचारलं नाही.

पहिला मान अर्थातच डॉक्टर पैंचा. निश्मी दिवसभर त्यांच्या काळोख्या खोलीत बसली.

"कसं वाटलं?" जलजक्काने घरी येताना रिक्षात विचारलं.

"वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. डॉक्टर फार चांगले आहेत, अम्मा. पण मला दोनदा डुलकी लागली."

"तुला जास्त जेवायला घातलं मी."

दुसऱ्या दिवशी मासे द्यायला गेली तेव्हा जलजक्काने डॉक्टरांना पडवीतच गाठलं. "डॉक्टर, एक खरं सांगा. तुमच्या मुलाला हे काम करू द्याल?"

पैंनी चष्मा काढून पुसला. "तो चेन्नईला असतो. लग्नाचे फोटो काढतो."

"ते मला ठाऊक आहे. मी विचारलं ते सांगा."

"मी त्याला विचारलंच नाही, जलजक्का. सांगितलं, डॉक्टर हो. म्हणून तर तो चेन्नईला आहे." मग ते उगाचच हसले. "आज रावस आहे का?"

जलजक्काने रावस दिला, एक तुकडा जास्तीचा टाकला, आणि ही गोष्ट घरी कुणाला सांगितली नाही.

लोबोबाईंच्या मागे निश्मी कोर्टात गेली आणि पाय आपटत परत आली. "दिवसभर बाकावर बसलो, अम्मा! संध्याकाळी बाई उठल्या, एकच वाक्य बोलल्या, पुढची तारीख द्यावी. मिळाली पावसाळ्यानंतरची."

"यापेक्षा आमची सुमती बरी. भांडण त्याच दिवशी मिटवते."

बँकेतल्या शेणॉयांकडे थंड हवा होती, एवढंच निश्मीला आवडलं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे ती मन लावून बसली, पण प्राध्यापिकाच तिला म्हणाली की माझ्यासारखी होऊ नकोस. महिना असाच सरकत चालला. मंगळूरच्या शिकवणीवाल्यांचे फोन यायला लागले. जलजक्का त्यांना "येतो, येतो" म्हणायची आणि रात्री कूस बदलायची.

मशिदीमागच्या गल्लीतली अफीफा या यादीत नव्हतीच. ब्यारी मुसलमानांची तरुण पोर, मुडदुशीवर जीव, कधी घासाघीस नाही. म्हणून जलजक्काला ती आवडायची. पण तिच्या कामाबद्दल जलजक्काचं मत ठरलेलं होतं. दारावर पाटी कसलीही असो, आत बाई लोकांचे हातपाय हलवत असते, म्हणजे मालिशवालीच की! त्या दिवशी टोपल्या दोन होत्या, म्हणून निश्मी बरोबर होती. "इथे अफीफाच्या पायरीवर सावलीत बस, मी पलीकडच्या गल्लीतून आले," म्हणून जलजक्का गेली. पलीकडच्या गल्लीत एका नवीन सुनेला ताजी कोळंबी कशी ओळखायची ते शिकवण्यात तिची दुपार गेली.

परत आली तर पायरीवर निश्मी नाही. आतून आवाज येत होता. आवाज तिचा स्वतःचाच होता, फक्त तीस वर्षांनी तरुण.

"आजोबा, चिंचोके नुसते ढकलायचे नाहीत. उचलायचे. उचला! हां. परत!"

जलजक्का दारात थांबली. समोर बाबू तांडेल बसला होता. एके काळी त्याच्या हाकेने अख्खी होडी फिरायची. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी मूठ जी मिटली ती मिटलीच. त्याच्यापुढे ताटलीत चिंचोके, आणि ताटलीपलीकडे मांडी घालून निश्मी. म्हातारा तिला तोंडात येईल ते बोलत होता. पोर हसत होती आणि ताटली काही मागे घेत नव्हती. त्याचा अंगठा थरथरत बोटाला टेकला. एक चिंचोका ताटलीवरून सुटला, हवेत आला, परत पडला.

"बघितलंत?" निश्मी ओरडली. "उचललात!"

"भवाने, पाणी दे," म्हातारा म्हणाला, पण त्याचं तोंड हसल्यासारखं वाकडं झालं होतं.

अफीफा भिंतीला टेकून उभी होती. तिने जलजक्काला बघून ओठांवर बोट ठेवलं. जलजक्काला आयुष्यात कुणी गप बसायची खूण केली नव्हती. ती गप बसली.

घरी येईपर्यंत निश्मीचं तोंड थांबलं नाही. कुठली शीर कुठून जाते, मेंदू हाताला निरोप कसा पाठवतो, निरोप अडला तर दुसऱ्या वाटेने कसा न्यायचा. जलजक्का "हं" म्हणत राहिली. अंगणात पाय ठेवला आणि तिचा बांध फुटला.

"मालिशवाली? धक्क्यावर डॉक्टर म्हणून बोली लावली मी, आणि माझी पोर म्हाताऱ्यांच्या तंगड्या चोळणार? ही बया तिथे सावलीला बसली काय आणि तिथलीच झाली काय!"

"फिजिओथेरपी म्हणतात, अम्मा."

"काहीही म्हण! सुमती काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येतंय!"

"अक्का," शीनण्णा जाळ्यातून म्हणाला, "माझा हा खांदा जरा..."

"तुझा खांदा गेला खड्ड्यात!"

निश्मी रडली नाही. पेजेचं भांडं चुलीवर ठेवता ठेवता म्हणाली, "गलफड उचलून बघ म्हणालीस. मी उचललं. लाल होतं."

त्यावर जलजक्काने भांडी घासायला घेतली. त्या संध्याकाळी घरातली घासलेली भांडीसुद्धा परत घासली गेली.

चार दिवस तिने तोंड फुगवून काढले. मग निवडून मुडदुशी घेतली आणि एकटीच अफीफाकडे गेली. मासे साफ करता करता एकेक गलफड उचलायला लागली.

"लोक डॉक्टर म्हणतात का गं तुला?"

"काही म्हणतात. काही ए मालिशवाली म्हणतात. बाबू तांडेल काय म्हणतो ते तुम्ही ऐकलंच आहे."

"पैंसारखा बंगला होतो का?"

"नाही हो. पोट चालतं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही."

"शिकायला किती?"

"चार वर्षं, वर सहा महिने हॉस्पिटलात. तिचे बारावीचे गुण चांगले आहेत, याच वर्षी प्रवेश मिळेल. पण अक्का, कॉलेज निवडताना इमारत बघू नका. त्यांच्या हॉस्पिटलात रोगी येतात का बघा, आणि पोरांना हात लावू देतात की नुसतं फळ्यावर शिकवतात, ते विचारा."

जलजक्काने सुरी खाली ठेवली. "तुला मुलगी आहे. तिला करू देशील हे काम?"

"ती सहा वर्षांची आहे. सध्या तिला बसचा कंडक्टर व्हायचंय." अफीफा हसली, मग हसायची थांबली. "आवडलं तर करू देईन. पण आधी आठवडाभर इथे उभी करीन. संध्याकाळी माझ्या पोटऱ्या ठणकतात, अक्का. कुणी निम्म्यावर सोडून जातं. कुणी बरंच होत नाही, आणि त्याच्या बायकोला ते मलाच सांगावं लागतं. तेही तिने बघावं."

जलजक्काने तिच्याकडे नीट बघितलं. माशाची वाईट बाजू आधी वर करून दाखवणारी बाई तिला बाजारात फार क्वचित भेटली होती. "पाठवते पोरीला. आठवडाभर. गय करू नकोस तिची."

निश्मी गेली. पहिल्या दिवशी येऊन न जेवता झोपली. मधल्या एका दिवशी डोळे सुजवून आली. कंबरेखालून लुळा पडलेला एक तरुण खलाशी तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडला होता आणि तिला काय बोलावं सुचलं नव्हतं. जलजक्काने काही विचारलं नाही. गरम नीर डोसे वाढले आणि मनात म्हणाली, आता बघू. सकाळी ती धक्क्यावर जायला उठली तर निश्मी आधीच वेणी घालून बसली होती.

"इतक्या लवकर कुठे?"

"तो खलाशी सकाळी पहिला येतो. काय बोलायचं ते ठरवलंय मी."

मग जलजक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून पोरीला घेऊन मंगळूरला कॉलेजं बघायला गेली. पहिल्या कॉलेजातला माणूस चकचकीत कागद दाखवत राहिला. "कागद गुंडाळायला चांगला आहे," ती म्हणाली, "तुमचं हॉस्पिटल कुठाय?" तिथे पलंगांवर चादरी कोऱ्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. ती वळली. दुसरीकडे ती कचेरीत गेलीच नाही, सरळ हॉस्पिटलच्या ओसरीत रोग्यांच्या नातेवाइकांत जाऊन बसली, सुपारी काढली आणि एका बाईकडून सगळं ऐकून आली. शिकणारी पोरं रोज येतात, हाताने व्यायाम करून घेतात, मोठी बाई त्यांना रागावते. "रागावते ना?" जलजक्का लेकीला म्हणाली. "मग हेच."

प्रवेश झाला. घरात पायसम झालं. पण धक्क्यावरची बोली तशीच लटकत होती, आणि सुमतक्का रोज विचारायची, "डॉक्टरीणबाई शिकवणीला कधी निघणार?"

निश्मीनेच वाट सुचवली. "अम्मा, काही सांगू नकोस. फिजिओलाही बरेच जण डॉक्टरच म्हणतात. कुणाला कळणार आहे?"

मोह मोठा होता. जलजक्का त्यावर एक पान खाऊन होईपर्यंत बसली. मग पिंक टाकून म्हणाली, "गलफडाला रंग लावून विकणाऱ्या बाया मी बघितल्यात. मी नाही विकला तसा मासा. चांगला ताजा माल आहे माझा, खोट्या नावाने का विकू?"

एका सकाळी बोटी भरभरून आल्या होत्या. धक्का गच्च भरला होता. ऐतप्पा पहिला ढीग पुकारणार तोच जलजक्काचा हात वर गेला.

"ऐतप्पा, थांब. मागे एक बोली लावली होती मी. ती मागे घेते."

बर्फ फोडणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. "कुठली बोली, अक्का?"

"डॉक्टरची. पोर डॉक्टर होणार नाही. झोपलेले हातपाय उठवायचं शिकणार आहे, फिजिओथेरपी. म्हणायला जड आहे. शिका!"

कुणी हसलं नाही. तिने आपला पाट उचलला, टोपली उचलली, मान ताठ ठेवून अख्खी रांग ओलांडली आणि टोकाला, गटाराशी, पाट टाकून अशी बसली की जणू ती जागा तिनेच पसंत केली होती. बर्फाचं पाणी तळपायांखालून वाहायला लागलं. वास तर विचारूच नका.

नियमाप्रमाणे त्या दिवसापुरती सुमतक्का पहिल्या जागेवर सरकली. तिथूनच तिने हाक मारली, "जलजक्का, पायाला पाणी लागतंय का गं?"

"लागतंय. गारेगार आहे. तुझ्या झाडावर कावळे बसतात, डोकं सांभाळ."

जुनी गिऱ्हाइकं फाटकातून आत आली, सुमतक्काला बघून गोंधळली. काही तिथेच थांबली, काही नाक दाबून टोकापर्यंत आली. डॉक्टर पै स्वतः पिशवी घेऊन आले. चिखलात बूट वाचवत उभे राहिले आणि रावसाचा सगळ्यात मोठा तुकडा घेऊन गेले. विक्री नेहमीसारखी झाली नाही. जलजक्काला त्याचं विशेष वाटलं नाही, आणि विशेष वाटलं नाही याचंच तिला जरा नवल वाटलं.

उन्हं चढली तेव्हा अफीफाकडचं काम आटपून निश्मी आली. पहिल्या जागेवर सुमतक्काला बघून दचकली, मग रांगभर नजर फिरवत शेवटी आईपर्यंत पोचली. पाण्यात पाय, गुडघे हनुवटीला.

"अम्मा!" ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले, बाजूचे दोन रिकामे मासळीचे क्रेट ओढले, पालथे घातले आणि आईचा पाट त्यांच्यावर ठेवला. "यावर बस. गुडघे खाली. पाठ सरळ. अशी कुबड काढून बसतेस, म्हणून मान दुखते तुझी."

"आई मी का तू?"

"बस म्हटलं ना!"

जलजक्का बसली. पाय पाण्यातून वर आले. कमरेत कुठेतरी एक गाठ सुटल्यासारखी झाली. पण ते तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही.

रांगेतल्या बाया बघत होत्या. एकीने हळूच आपला क्रेट पालथा घालून बघितला. दुसरी उठून आली, "निश्मी, माझ्या मनगटाला बघ गं, सुरी धरली की कळ येते." तिच्या मागे तिसरी. शेवटी सावलीतून सुमतक्काचा आवाज आला, आज पहिल्यांदाच गोड.

"निश्मी बाळा, जरा इकडे ये गं. माझा हा डावा गुडघा..."

पोर उठायला लागली. जलजक्काने तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं ओरडली, "ए सुमती! गुडघा घेऊन इकडे ये. मागे उभी राहा. आज रांग या टोकाकडून सुरू होते!"